झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या पट्ट्यात) नाटक लिहून दिलं, कागद केला नाही. व्हिडिओ यूट्यूबवर आला, तर लेखकाचा हक्क राहतो का?

राहतो, भाऊ. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपनीला संहिता दिली, रोख घेतलं, सही कुठंच केली नाही आणि आता अख्खं नाटक दुसऱ्याच्या नावानं यूट्यूबवर दिसतंय, असं तुम्ही लिहिलंय. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19: हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी कागद आणि तुमची सही लागते. तोंडी बोलीतून कंपनीला फार तर प्रयोग करायची मुभा मिळाली, असं म्हणता येईल. आणि नाव काढणं तर कलम 57 च्या विरुद्ध जातं; सगळे हक्क विकले तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क उरतोच. अपवाद पगारी नोकरीचा. नोकरीचं काम म्हणून लिहिलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालक कंपनी.

खरी अडचण पुराव्याची. मूळ वही स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. पाकीट सीलबंद करून स्वतःला पोस्टानं पाठवायची जुनी युक्ती सांगणारे भेटतील, तिच्यावर विसंबू नका. सरकारी कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म 14 भरून संहितेची नोंदणी होते, फी 500 रुपये. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळाल्यावर आक्षेपांसाठी 30 दिवस थांबावं लागतं, मग छाननी. नोंदणी नसली म्हणून हक्क जात नाही, पण कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. पॅम्प्लेट आणि बॅनरचे फोटोही जपा. कोणत्या गावात कधी प्रयोग झाला, लेखक म्हणून कोणाचं नाव होतं, हे त्यातूनच कळतं.

यूट्यूबवर तक्रार करताना व्हिडिओची लिंक, नाटकाचं नाव आणि तुमचं खरं नाव द्यावं लागतं. हे नाव अपलोड करणाऱ्याला कळू शकतं. फॉर्ममध्ये 7 दिवसांची मुदत देण्याचा पर्याय असतो. तेवढ्यात त्यानं व्हिडिओ काढला तर त्याच्या चॅनलला स्ट्राइक (यूट्यूबचा ठपका) बसत नाही. पुढच्या हंगामात त्याच माणसांकडे काम मागायचं असेल, तर मी हाच पर्याय निवडेन. समोरच्यानं हरकत घेतली, तर कामाचे 10 दिवस मिळतात आणि त्यात कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून आधी वकिलाशी बोलून ठेवा.

आता पुढच्या नाटकाचा कागद. बहुतेक लेखक इथंच फसतात, कारण दिवाळी तोंडावर आलेली असते, तालीम सुरू व्हायची असते आणि कंपनीचा माणूस "सर्व हक्क कायमचे" असं टाइप केलेला कागद पुढं करतो. ते शब्द खोडा. त्याऐवजी नाटकाचं नाव, कोणता हक्क (फक्त रंगमंचावरचे प्रयोग), किती काळ (हा एक हंगाम, होळीपर्यंत), कोणते जिल्हे आणि किती पैसे, एवढं लिहा. काळ लिहिला नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. म्हणून कोरी जागा सोडू नका. व्हिडिओ आणि ऑडिओसाठी "वेगळा करार केल्याशिवाय परवानगी नाही" ही ओळ हवीच. एकरकमी रकमेपेक्षा थोडी उचल आणि पुढं दर प्रयोगामागे ठरलेली रक्कम मागा. नाटक चाललं तर त्यातच फायदा आहे. बुकिंगची डायरी पाहायचा अधिकारही लिहून घ्या, नाहीतर प्रयोग किती झाले हे कंपनी सांगेल तेच खरं मानावं लागेल. एक दिलासा: कंपनीनं हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही, तर तो परत तुमच्याकडे येतो, मात्र कागदात वेगळं लिहिलेलं नसावं.

"मंडळानं देवळासाठी नाटक ठेवलं होतं, मग परवानगी कशाला" हा युक्तिवाद ऐकायला मिळेल. कायद्यात देवळासाठीच्या प्रयोगाला सवलत आहे, पण ती हौशी संस्थांना, पैसे घेऊन फिरणाऱ्या कंपनीला नाही.

गाण्यांच्या बाबतीत मात्र स्वतःकडेही बघा. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले असतील, तर शब्द तुमचे, चाल संगीतकाराची किंवा त्याच्याकडून हक्क घेतलेल्या कंपनीची. यूट्यूबची यंत्रणा अशी चाल ओळखू शकते, आणि मग त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे म्युझिक कंपनीकडे जाऊ शकतात. दंडारीतल्या (इथल्या लोकनाट्यातल्या) पारंपरिक चाली कोणाच्याच मालकीच्या नाहीत, त्या वापरा. फक्त कोणाचं तयार रेकॉर्डिंग उचलू नका, त्याचा हक्क वेगळा असतो.