तळहात नको, कोपर

प्रश्न : आमच्या अंगणवाडीत थंडी सुरू झाली, की एकाचं पडसं आठवडाभरात निम्म्या लेकरांना लागतं. ‘शिंकताना तोंडावर हात ठेव’ असं रोज सांगते, तरी फरक नाही. काय चुकतंय?
– अंगणवाडी सेविका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, लेकरं तुमचं ऐकतात, तिथंच गडबड आहे. तळहातावर शिंकलं, की तोच ओला हात लगेच ठोकळ्यांना, पाटीला, शेजारच्याच्या ताटलीला लागतो. म्हणून तळहात नको, कोपराची आतली घडी. ती सहसा कशाला लागत नाही.

नाक हुळहुळल्यापासून शिंक बाहेर पडेपर्यंत जेमतेम एक-दोन क्षण मिळतात. तेवढ्यात आठवून काही होत नाही, हात आपसूक वर गेला पाहिजे. प्रार्थनेनंतर रोज दोन मिनिटं खोटं खोटं शिंका. तुम्ही ‘आऽऽ’ म्हणायचं, लेकरांनी हात दुमडून मान वळवायची, मग सगळ्यांनी मिळून ‘छीं’! नाक आणि तोंड दोन्ही घडीत टेकतात का, एवढंच बघा. पुष्कळ लेकरं हात नुसता चेहऱ्यासमोर धरतात, काही मनगटावर शिंकतात. तिथं बोलून उपयोग नाही. हात धरून जागेवर लावून द्या. खरी शिंक आली आणि लेकरू विसरलं, तर ‘कोपर!’ एवढंच म्हणा. रागावलात, तर ते शिंक लपवायला शिकेल.

जंतू दिसत नाहीत, म्हणून हळद वापरा. एका लेकराच्या ओलसर तळहाताला चिमूटभर हळद चोळा आणि सगळ्यांना दहा मिनिटं खेळू द्या. नंतर पिवळे हात, पिवळे ठोकळे लेकरांनाच शोधायला लावा. (डोळे चोळणाऱ्यावर नजर ठेवा.)

एक गोष्ट मात्र सुटते. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटा असतो आणि त्याचं डोकं नेमकं तिच्या कोपराशी येतं. तिला मोकळ्या हाताचं कोपर वापरायला आणि तोंड दुसरीकडे फिरवायला शिकवा. अर्ध्या बाहीच्या कपड्यात उघड्या कातडीवर शिंक पडते, तेव्हा हात धुताना कोपरही धुवायचं.

फ्रॉकला टाचलेला एकच रुमाल दिवसभर वापरला, तर तोच जंतूंचं घर होतो. जुन्या सुती धोतराचे वीतभर तुकडे करा, रोज चार-पाच द्या, वापरलेले वेगळ्या पिशवीत टाका. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. ताप असलेलं लेकरू घरीच ठेवायला सांगा. श्वास जोरात चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा पाणीही पोटात जात नसेल, तर वाट न बघता दवाखाना.

प्रश्न : कोणी बाहेर निघताना मुलगी शिंकली, की सासूबाई ओरडतात. आता ती नाक दाबून शिंक गिळते. चालेल का?
– वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : नाही. दाबलेल्या शिंकेचा जोर आत कानाकडे जातो. कान दुखू शकतो, क्वचित पडद्यालाही इजा होते. शेंबूड शिंकरतानाही एका वेळी एकच नाकपुडी, तीही हलक्या जोराने. शकुनाचा वाद घालत बसू नका. नात शिंकली की ‘कोपर’ म्हणायचं काम आजीकडेच द्या.

प्रश्न : शाळेत नळ नाही. हात कशाने धुवायचे?
– शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : पाच लिटरचा रिकामा डबा घ्या. झाकणापासून साधारण चार बोटं खाली, तापवलेल्या खिळ्याने एक बारीक भोक पाडा. डबा मुठीतून आडव्या काठीला टांगा, मानेला दोरी बांधून तिचं खालचं टोक जमिनीलगतच्या दुसऱ्या काठीला बांधा. काठीवर पाय दिला, की डबा वाकतो आणि धार पडते. डब्याला हात लावावा लागत नाही. पाणी भोकाच्या खालीच भरा, नाहीतर दिवसभर ठिबकत राहील. हात वीस सेकंद चोळायचे. वीसपर्यंत सावकाश आकडे म्हटले की झालं. अंगठे आणि नखांच्या कडा राहून जातात, तिथे लक्ष द्या. साबण मात्र जाळीत घालून बांधा, उघडा ठेवलात तर कावळा पळवतो.