१४० पाहुणे आणि ९ बाटल्या

अमेरिकेतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय: ‘आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला समारंभ आहे. सकाळी घरी सत्यनारायण, संध्याकाळी हॉलवर जेवण, १४० पाहुणे. भावाची आणि माझी इच्छा आहे की जेवणाआधी शॅम्पेनचा टोस्ट व्हावा. इकडच्या हिशेबाने एका बाटलीत सहा ग्लास, म्हणजे २४ बाटल्या, दोन खोकी. बरोबर ना?’

ताई, २४ नकोत, ९ पुरतील.

सहा ग्लासांचा हिशेब निवांत बसून पिणाऱ्यांचा. टोस्टला ग्लास निम्मा भरायचा, साधारण १०० मिली. बाटली ७५० मिलीची, थोडा फेस वाया जातो, म्हणून सात ग्लास धरा.

आता माणसं. आईंची पाहुण्यांची यादी मागवा आणि फोनवर त्यांच्यासोबतच वाचा. कोण घेतं, कोण घेत नाही, कोणाचा त्या दिवशी उपास आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. उदाहरणादाखल, १४० मधली २२ मुलं वगळली की ११८ उरतात. आमच्याकडच्या कौटुंबिक समारंभात त्यातले निम्म्याहून जास्त घेणार नाहीत. काहींना चालत नाही, काहींना सासऱ्यांसमोर नको वाटतं, काहींना गाडी चालवत सिन्नरला परतायचं असतं. समजा ४६ उरले. भागिले सात, म्हणजे सात बाटल्या. दोन जास्तीच्या घ्या, कारण एखादी उघडताना सांडते आणि एखादे काका ऐनवेळी ‘मलाही द्या’ म्हणतात. जेवणासोबतही हीच वाइन वाढायची असेल तर मात्र हा हिशेब चालणार नाही. मग पिणाऱ्या दर दोघांमागे एक बाटली जास्तीची धरा.

उरलेल्या ९४ जणांचं काय, हे तुमच्या पत्रात नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. मावसभावाच्या मुलाच्या रिसेप्शनला कॉलेज रोडवर टोस्ट झाला होता. ट्रे फिरले, घेणाऱ्यांनी ग्लास उचलले, कोणीतरी माइकवर म्हणालं, ‘ग्लास उंच करा’, आणि ज्यांच्या नातवाचं लग्न त्या माझ्या मावशी पहिल्या रांगेत रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. तो प्रसंग आजही मला लागून राहिलाय. म्हणून सांगते, प्रत्येकाच्या हातात ग्लास हवा आणि तोही तसाच, उभा नि निमुळता. त्यात काळ्या द्राक्षांचा रस आणि सोडा निम्मे-निम्मे घाला, किंवा कोकम सरबत. ९४ जणांना दहा लिटर पुरेल. पांढऱ्या द्राक्षांचा रस नको, तो शॅम्पेनसारखाच दिसतो आणि ट्रेची अदलाबदल झाली तर एखाद्या आजींच्या हातात भलताच ग्लास जाईल. इतके ग्लास हॉलवर बहुधा नसतात. केटररला महिनाभर आधी १५० सांगून ठेवा.

घ्यायचं काय? शॅम्पेन हे नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रदेशातल्या वाइनचं. आपल्याकडे बनते ती स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन. पण तुमचं माहेर नाशिक आहे, ताई! दिंडोरीला शँडन बनते, गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे, आणि दोघांची ब्रूट, म्हणजे जवळजवळ गोडी नसलेली स्पार्कलिंग वाइन, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली असते, अगदी शॅम्पेनच्या रीतीने. आई-बाबांच्या गावच्या द्राक्षांचा टोस्ट मला तरी जास्त शोभेल असं वाटतं. तिकडून आणायचीच असेल तर मोठ्या माणसामागे दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. दोन बाटल्यांचं दीड लिटर होतं, तिसरीला हद्द ओलांडते. मात्र ती हॉलवर मोजक्या टेबलांनाच देऊ नका, पाहुण्यांच्या लगेच लक्षात येतं. दुसऱ्या दिवशी भावंडं जमाल तेव्हा उघडा. आणि सकाळी पूजा मांडलेल्या घरात बाटली नकोच, तिचं सगळं हॉलवर.

हॉल मद्याला परवानगी देतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा त्या दिवसापुरता परवानाही लागतो. तारीख पुढे ढकलून २६ जानेवारीच्या सुट्टीवर नेण्याचा विचार असेल तर थांबा, त्या दिवशी ड्राय डे असतो. निवडणुकांच्या तारखाही पाहून ठेवा.

डिसेंबरात नाशिकला थंडी असली तरी बाटल्या आपोआप पुरेशा गार होत नाहीत. मोठ्या टबात बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घालून त्यात अर्धा तास ठेवा. नुसत्या बर्फात त्या अर्धवट गार राहतात, पाणी सगळीकडून बिलगतं. उघडताना तार सोडली की अंगठा बुचावरून काढू नका. बूच घट्ट धरून बाटली फिरवा आणि तोंड माणसांपासून लांब ठेवा, आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. आधी भरून ठेवलेल्या ग्लासांतले बुडबुडे मरतात. शेवटचं भाषण सुरू झालं की दोघांनी भरायला घ्या, ४६ ग्लास दहा मिनिटांत होतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत: आई-बाबा स्वतः घेतात का? यादी वाचायला बसाल तेव्हा पहिली दोन नावं त्यांचीच विचारा. ते नको म्हणाले तर त्यांच्या ग्लासात द्राक्षांचा रस द्या, आणि तुम्ही व भाऊ त्यांच्याशेजारी उभे राहाल तेव्हा तुमच्या ग्लासांतही तोच असू द्या.