रविवारची धाव आणि गावचे पुस्तक

प्रश्न : आम्ही नाशिकमधील पंधरा-सोळा जण गेली तीन वर्षे दर रविवारी पहाटे एकत्र धावतो. आमच्यातील सर्वांत लहान सदस्य २३ वर्षांचा, तर सर्वांत ज्येष्ठ बाई ६१ वर्षांच्या आहेत. महिन्यातील एका रविवारी धावण्याला वाचनाची जोड द्यावी आणि वाचायचे ते शक्यतो नाशिकच्या मातीतले असावे, असा विचार पुढे आला आहे. यात ना धड धावणे होईल ना धड वाचन, अशी काहींना भीती वाटते. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही भीती खोटी नाही, आम्ही तिचा अनुभव घेतला आहे. पुण्यातील आमच्या गटाने पहिल्यांदा असा बेत केला, तेव्हा उत्साहाच्या भरात आठ किलोमीटरच्या वाटेवर सात थांबे ठरवले आणि प्रत्येक ठिकाणी दोन-दोन पाने वाचायची असे ठरले. डिसेंबरची पहाट होती. तिसऱ्या थांब्यापर्यंत अंगावरचा घाम गार होऊन सगळे कुडकुडू लागले, एकाच्या पोटरीत गोळा आला आणि पाचव्या थांब्यावर पोहोचेपर्यंत निम्मी मंडळी चहाच्या टपरीकडे वळली होती.

पुढच्या खेपेस आम्ही एकच थांबा ठेवला. गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यापासून निघून, पेठांतून मोठा वळसा घेत, १८४८ साली मुलींची शाळा जिथे सुरू झाली त्या भिडे वाड्याच्या जागेपाशी धाव संपवली आणि सावित्रीबाईंच्या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’तील फुलांवरच्या दोन लहान कविता वाचल्या. समोर दगडूशेठ गणपतीपाशी हारवाले नुकतेच दुकाने उघडत होते आणि एक बाई ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या. वाचनाला सहा मिनिटे लागली असतील. पण वाचन संपल्यावर त्या बाईंनीच ‘पुन्हा म्हणा’ असे सांगितले, आणि आमच्यातील तिघांनी त्याच आठवड्यात ते पुस्तक मिळवले.

म्हणून माझा आग्रह असा की, आधी वाट आखून मग तिच्यावर साहित्य पसरू नये. आधी उतारा निवडावा आणि तो ज्या जागेचा आहे तिथवरची वाट मग आखावी.

नाशिकचे साहित्य म्हटले की कुसुमाग्रजांचे नाव पहिल्यांदा येते आणि ते योग्यच आहे. तरीही पहिल्या रविवारी तुम्ही पांडवलेण्यांवर जावे, असे मला वाटते. तो चढ तुमच्या गटाच्या पायांखालचा असणारच. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, आपल्या मुलाची थोरवी सांगत त्याच्या आईने तो कोरवून घेतला. त्यात मुलाला ‘तिसमुदतोयपीतवाहन’ म्हटले आहे, म्हणजे ज्याची वाहने, अर्थात घोडे, तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो. चढ चढून आल्यावर, श्वास जागेवर येत असताना, हा एकच शब्द फोड करून सर्वांनी मिळून उच्चारावा. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा मजकूर आपण रोज ज्याला व्यायामाची टेकडी समजतो तिथे उभा आहे, हे मला आजही थक्क करते. लेण्यांची वेळ आणि तिकीट मात्र आदल्या दिवशी पाहून ठेवा.

कुसुमाग्रजांसाठी गोदाकाठ राखून ठेवा. १९४२ साली आलेल्या ‘विशाखा’मधील एखादी कविता, आणि जमल्यास २७ फेब्रुवारीच्या लगतचा, म्हणजे त्यांच्या जन्मदिवसाजवळचा रविवार. याबद्दल तुम्हाला अधिक सांगण्याची गरज नाही.

बाबूराव बागूल यांच्याविषयी मात्र मी थोडे सविस्तर लिहितो, कारण धावणाऱ्या गटांच्या यादीत त्यांचे नाव सहसा दिसत नाही. त्यांचा जन्म नाशिकरोडजवळच्या विहितगावचा, १९३० सालचा. त्याच वर्षी मार्चमध्ये पंचवटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातील कथा रस्त्याच्या कडेला उभ्याने वाचण्याच्या नाहीत. त्या सर्वांनी आठवडाभर आधी घरी वाचाव्यात, रविवारी विहितगावापर्यंत धावत जावे आणि परतीची वाट चालत, त्या कथेवर बोलत यावे. वाचल्यावर लगेच वेग वाढवून घरी पळणे मला त्या कथांशी प्रामाणिकपणाचे वाटत नाही. याउलट, सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांची गीते उभ्याउभ्याच म्हणावीत. ती सभेत, लोकांमध्ये गाण्यासाठीच रचलेली आहेत, आणि तुमच्यात एकालाही चाल येत असेल तर कागदाचीही गरज लागणार नाही.

आता धावण्याविषयी. त्या रविवारचा वेग सर्वांत सावकाश धावणाऱ्याचा असावा. धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल, इतकाच. ज्यांना वेगाचा सराव चुकवायचा नाही त्यांनी पाऊण तास आधी येऊन आपला सराव उरकावा आणि मग गटात सामील व्हावे. पोहोचल्याबरोबर वाचायला सुरुवात करू नका. पाच मिनिटे चाला, पाणी प्या, कोरडा टी-शर्ट घाला. नाहीतर वाचणाऱ्याला ओळीच्या मध्येच धाप लागते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या छातीच्या ठोक्यांकडे राहते. उतारा कितीही आवडला तरी दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. पुस्तकासाठी सार्वजनिक वाचनालय आहेच. १८४० सालापासून चालत आलेली ही संस्था, तुमचा ‘सावाना’, शहरात असताना बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटणे बरे नव्हे. दोन-तीन प्रती घ्याव्यात आणि त्या महिनाभर सदस्यांमध्ये फिराव्यात.

प्रश्न : जळगावात आम्ही नऊ मैत्रिणी सकाळी धावतो, त्यांतील चौघी निम्मी वाट चालतात. बहिणाबाईंच्या जन्मगावी, आसोद्यापर्यंत जाऊन त्यांच्या कविता वाचाव्यात असे मनात आहे. पण सर्वांसमोर मोठ्याने वाचायला बऱ्याच जणी संकोचतात. त्यावर एकीने कानात हेडफोन घालून ध्वनिमुद्रण ऐकत धावण्याचा पर्याय सुचवला आहे.
— एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : ताई, हेडफोनचा विचार सोडून द्या. पहाटेच्या रस्त्यावर दुधाच्या गाड्या आणि दुचाकी भरधाव असतात, मागचा हॉर्न ऐकू यायलाच हवा. शिवाय नऊ जणी नऊ ठिकाणी ऐकत धावल्या तर एकत्र निघण्याचे कारण उरत नाही.

संकोचाचे म्हणाल, तर ज्यांच्या कविता तुम्ही वाचणार आहात त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता त्या ओव्या सुचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. हातांना काम असताना तोंडी आलेल्या या रचना आहेत, त्यामुळे पायांच्या लयीत त्या चांगल्या बसतात. निम्मी वाट चालणाऱ्या तुमच्या चौघींनी चालता चालता एकेक कडवे म्हणावे आणि बाकीच्यांनी ते उचलून धरावे. उभे राहून एकटीने वाचण्याची वेळच येणार नाही. चुकले तर चुकू द्या.

एक मात्र करा. शहरी वळणाने शब्द सुधारून वाचू नका. ‘घरोट’ला ‘जाते’ म्हटले की अर्थ तोच राहतो, पण लय मोडते. एखादा शब्द अडला तर आसोद्यात कुणा आजींना विचारा, आणि त्यांच्या ओट्यावर बसायला अर्धा तास हाताशी ठेवून घरून निघा.