सैंधवाचा दिवा आणि घरातील हवा

प्रश्न : मुलीने मला सैंधव मिठाचा गुलाबी दिवा भेट दिला आहे. तो ऋणभारित आयन (ऋण विद्युतभार असलेले सूक्ष्म कण) सोडून हवा शुद्ध करतो आणि दम्याला व झोपेला गुण देतो, असे खोक्यावर छापले आहे. माझ्या यजमानांना दमा आहे, म्हणून दिवा त्यांच्या उशाशी ठेवला. जुलैपासून मात्र त्याच्याखाली रोज पाणी साचते. दिवा हवेतील घाण ओढून घेत असल्याची ही खूण आहे, असे दुकानदार म्हणतात. ते खरे मानावे काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाणी खरे आहे, दुकानदारांनी लावलेला त्याचा अर्थ खरा नाही. पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीला पाणी सुटते, तेच या दिव्याचे झाले आहे. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते, आणि कोकणातील पावसाळी हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. बाष्पाबरोबर धूळ, परागकण आणि धूरही खेचला जातो, हा पुढचा कल्पनाविलास. हवा गाळायची तर ती पंख्याने ओढून दाट गाळणीतून न्यावी लागते. नुसत्या मिठाने हे काम होत असते, तर पोत्याने मीठ साठवणाऱ्या जुन्या घरांच्या माजघरात कोणाला धाप लागलीच नसती.

आता आयनांविषयी. मीठ हे मुळात सोडियम आणि क्लोराइड यांच्या आयनांचेच बनलेले असते, परंतु ते स्फटिकात इतके घट्ट बांधलेले असतात, की मीठ वितळवायलाच ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. आतला १५ ते २५ वॅटचा बल्ब तो खडा जेमतेम कोमट करतो. विक्रेते धबधब्याजवळच्या प्रसन्न हवेचा दाखला देतात, पण तेथील ऋणभार आपटून फुटणाऱ्या पाण्याच्या थेंबांमुळे निर्माण होतो, हे फिलिप लेनार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १८९२ मध्येच दाखवले होते. शिवाय मुद्दाम आयन सोडणारी विजेची यंत्रे वापरूनही दम्यात लक्षणीय सुधारणा आढळली नाही, असे वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात नमूद आहे. त्यामुळे यजमानांचा इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये. खोलीतील उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद करणे, भिंतीवरची बुरशी काढणे, यांचा त्यांना अधिक उपयोग होईल.

झोपेबाबत दिव्याला थोडे श्रेय देता येईल, पण ते मिठाचे नव्हे. मंद नारिंगी प्रकाशात निळा अंश कमी असल्यामुळे तो पांढऱ्या ट्यूबलाइटइतका झोपेच्या आड येत नाही. नारिंगी झिरोच्या बल्बनेही तेवढेच साधेल.

मला काळजी वाटते ती साचणाऱ्या पाण्याची. हे खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते आणि होल्डरमध्ये उतरल्यास धातू गंजवते, शॉर्टसर्किटही घडवू शकते. अमेरिकेत २०१७ मध्ये असे सुमारे ८० हजार दिवे, त्यांचे बटण तापून आग लागण्याचा धोका असल्यामुळे, परत मागवण्यात आले होते. तेव्हा प्लग काढून दिवा कोरड्या फडक्याने पुसावा आणि पाऊस सरेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. पुन्हा लावण्यापूर्वी वायर व होल्डर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा. घरात मांजर असेल, तर नंतरही तो तिच्या आवाक्यात नको, कारण खारट खडा चाटत राहिल्याने तिला मिठाची विषबाधा होऊ शकते.