क्युबेक सिटी एका दिवसात: गाडी जुन्या शहरात नेऊ नका

ताई, मॉन्ट्रियलहून भाड्याची गाडी, सोबत सासू-सासरे, सकाळी निघून रात्री परत, आणि जुन्या शहरात गाडी कुठे लावायची हा प्रश्न. तुमचं हे वाचलं आणि आमचा जुलैतला दिवस डोळ्यांसमोर आला, म्हणून सविस्तर लिहिते.

रस्ता जेमतेम २५० किलोमीटरचा, सरळसोट. त्यात विशेष काही नाही. खरा घोळ पाट्यांचा. जुन्या शहराची ४.६ किलोमीटरची तटबंदी आजही उभी आहे, आतल्या गल्ल्या अरुंद, आणि पाट्या सगळ्या फ्रेंचमध्ये. आम्हाला एक मोकळी जागा दिसली. पाटीवर 'पी'वर तिरकी रेघ, खाली सकाळची वेळ, बाण आणि एम-ए-आर ही तीन अक्षरं. मला वाटलं, मार्चमध्ये बर्फ काढायचा असेल, आपण तर जुलैत आलोय. ती अक्षरं 'मार्दी'ची होती, म्हणजे मंगळवार. आणि त्या दिवशी मंगळवारच होता.

परत आलो तर गाडी नाही. उचलून नेली होती.

दंड भरला, त्याचं दुःख नाही, चूक आमचीच होती. पण गाडी सोडवायला गेलो त्या कार्यालयात भाड्याचा करार मागितला. तो गाडीच्या खणात! "गाडीतून काढून दाखवते" म्हटलं, तर कराराशिवाय गाडीजवळ जाता येणार नाही म्हणाले. भाड्याच्या कंपनीच्या फोनवर चाळीस मिनिटं नुसतं संगीत. शेवटी ईमेलवर प्रत आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझे सासरे सत्तरीचे, तेवढा वेळ उन्हात बाकावर बसून होते. त्याचा राग अजून जात नाही. पुढे दीड महिन्याने कंपनीने 'प्रशासकीय शुल्क' म्हणून कार्डावरून वेगळे पैसे कापले. तेव्हा करारातल्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच.

माझं स्पष्ट मत: २० नंबरच्या हायवेने या, गाडी नदीच्या अलीकडे लेव्ही या गावात पैसे देऊन लावा आणि फेरीबोटीने पलीकडे क्युबेक सिटीत जा. दहा-बारा मिनिटांचा प्रवास आहे, आणि पाण्यावरून शातो फ्रोंतनाक हे किल्ल्यासारखं जुनं हॉटेल जसं दिसतं तसं दुसरीकडून कुठूनच दिसत नाही. उतरलात की खालचं गाव समोरच: पती-शांप्लेनची गल्ली आणि प्लास रॉयाल, जिथे १६०८ मध्ये शांप्लेन या फ्रेंच प्रवाशाने वस्ती उभारली. वरच्या गावात जायला सासूबाईंना जिने चढवू नका, फ्युनिक्युलर म्हणजे चढावर रुळांवरून जाणारा डबा आहे. मात्र ते त्या दिवशी सुरू आहे ना, हे निघण्याआधी बघून घ्या. पार्किंगचे दर आणि नियमही बदलत असतात, मी सांगितलं म्हणून विसंबू नका.

मोंमोरांसीचा धबधबा आमचा राहिला. ८३ मीटर, नायगाऱ्याहून उंच. तो उत्तर किनाऱ्यावर आहे, त्यामुळे लेव्हीहून पूल ओलांडून वळसा पडतो. वयस्कर माणसं बरोबर असताना एका दिवसात शहर आणि धबधबा दोन्ही बसवू नये असं मला वाटतं. तुमची माणसं दमत नसतील तर तुम्ही ठरवा.

आणि सासू-सासरे शाकाहारी असतील तर पूटीनची (बटाट्याच्या फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही घातलेला इथला पदार्थ) ग्रेव्ही विचारल्याशिवाय घेऊ नका, ती बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्शाची असते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. त्या संध्याकाळी तेवढंच पोटात गेलं.