घरून डबे करायला किती सिलिंडर ठेवता येतात, आणि जिन्याखाली ठेवले तर चालतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की देवासहून इंदूरला आलात, रामबागेत जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहता, घरूनच वीस-पंचवीस डबे सुरू करायचेत, घरगुती दोन टंक्या आहेतच आणि वर तीन-चार कमर्शियल घेऊन मालकांनी दिलेल्या जिन्याखालच्या कोठीत ठेवायच्या म्हणताय, तर कायद्यानं किती चालतात आणि परवाना लागतो का. ताई, आकड्याचं उत्तर सोपं आहे, ते लगेच देतो, पण मी लिहायला बसलो ते कोठीचं वाचून. तिथं एकही टंकी ठेवू नका. भरलेली नको, रिकामी नको, एका रात्रीपुरती पण नको.

मी इंदूरातच एका गॅस एजन्सीत बरीच वर्षं मेकॅनिकचं काम केलंय, राजवाड्याच्या आसपासची, जेल रोड, रामबाग, नारायण बाग इकडची जुनी घरं आतून बघितलीत, त्यामुळे तुमचा जिना न बघता पण मला साधारण कळतंय तो कसा असेल. लाकडी किंवा फरशीचा, खाली बुटकी कोठी, खिडकी नाही, त्याच भिंतीवर विजेचे मीटर, बहुतेक इन्व्हर्टर पण तिथंच आणि समोर कोणाची तरी स्कूटर लावलेली. बरोबर ना?

आधी आकडा. गॅस सिलिंडर रूल्स २०१६ प्रमाणे एका जागी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला परवाना लागत नाही, त्याच्या वर गेलात की पेसोचा परवाना लागतो (हे केंद्राचं खातं आहे, मुख्यालय नागपूरला). घरगुती लाल टंकीत १४.२ किलो गॅस, दोन म्हणजे २८.४. निळी कमर्शियल १९ किलोची, तीन म्हणजे ५७. बेरीज ८५.४, म्हणजे आत बसलात. चौथी निळी आणली की १०४.४, गेलात बाहेर. पण हे १०० किलो फक्त परवान्यापुरतं आहे, तेवढा गॅस कुठेही कसाही ठेवला तरी चालतो असं त्यात कुठेच नाही, आणि घरमालक, नगर निगम, फायर ब्रिगेड यांच्या ज्या काय अटी असतील त्या वेगळ्या पाळाव्या लागतातच.

दुसरी गोष्ट, घरगुती टंकी डब्यांच्या कामाला वापरायची नाही. २००० साली निघालेल्या एलपीजीच्या पुरवठा आणि वितरण आदेशात हे स्पष्ट आहे आणि तो आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, म्हणजे खाद्य विभागाची माणसं आली तर टंकी उचलून नेतात आणि केस होते. लोक म्हणतात दहा-वीस डब्यांना कोण विचारतं. विचारतात, शेजारच्यानं एक तक्रार केली की विचारतात. तुम्ही चार पैसे कमवायला निघालात, तर पहिल्या दिवसापासून कमर्शियल कनेक्शन नावावर असू द्या, घरच्या पोळी-भाजीला लाल, डब्यांना निळी.

आता कोठी का नको ते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्युटेन दुप्पट, त्यामुळे गळला की वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, पाण्यासारखा उताराला लागतो, खाली खाली जातो आणि जिथं खड्डा, मोरी, तळघर, बंद कोपरा मिळेल तिथं साचून राहतो. हवेत साधारण २ टक्के झाला की पेटायला तयार असतो, वरची हद्द साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. आता हिशोब बघा, एक किलो गॅस गळला तर त्याची वाफ जवळजवळ अर्धा घनमीटर होते, आणि तेवढी वाफ दहा बाय दहाची अख्खी खोली पेटण्याजोगी करायला पुरते. एक किलो! तुमच्या निळ्या टंकीत तसे १९ आहेत. आणि कोठी काही दहा बाय दहा नसते, तिथं पाव किलोत पण काम होतं. पेटवायला काडीच लागते असं नाही, मीटरमधली, इन्व्हर्टरमधली, फ्रिज आपोआप सुरू होतानाची एक बारीक ठिणगी पुरते. तळघरात, जमिनीच्या पातळीखाली कुठेही टंकी ठेवायची नाही हा नियम याच्यामुळेच आहे, आणि एजन्सीचं गोडाऊन कधी बघितलं असेल तर तिथं भिंतीला अगदी जमिनीलगत जाळ्या सोडलेल्या असतात, त्या पण याच्यासाठीच. तुमच्या कोठीला अशी जाळी आहे का? नसणारच.

आणि जिना म्हणजे वरच्या लोकांची बाहेर पडायची एकुलती एक वाट. आग तिथंच लागली तर तुम्ही, तुमची मुलं, सासूबाई उतरणार कुठून? हे मालकांना पण विचारा, त्यांचं घर आहे, त्यांनाही कळू दे.

एकदा जेल रोडच्या बाजूच्या घरातून कंप्लेंट आली होती, वास खाली येतोय म्हणून, आणि वरच्या काकूंना स्वयंपाकघरात काहीच जाणवत नव्हतं. गेलो तर शेगडीच्या टोकाला ट्यूब तडकलेली होती, कडेनं चीर, बोटानं वाकवली की उघडायची. गॅस ओट्यावरून खाली, ओट्याखालून उंबऱ्याबाहेर आणि पायऱ्यांनी थेट जिन्याखाली, आणि तिथं इन्व्हर्टर चालू. सगळ्यांना बाहेर काढलं, कोणालाही एका बटणाला हात लावू दिला नाही, वर जाऊन रेग्युलेटर बंद केला, दारं उघडली, मग बराच वेळ नुसते अंगणात उभे. काही झालं नाही म्हणून आज सांगतोय. काकूंना वास का नाही आला, तर एक म्हणजे गॅस त्यांच्या पायाशी होता आणि दुसरं म्हणजे वास हळूहळू वाढला की नाक त्याला सरावतं. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो इथिल मरकॅप्टन मिसळून मुद्दाम दिलेला असतो, म्हणून बाहेरून आलेला माणूस वास येतोय म्हणाला तर त्याचं ऐका, आम्हाला तर येत नाही म्हणून बसून राहू नका.

मग ठेवायची कुठे. खरं सांगू, वीस-पंचवीस डब्यांना तुम्हाला तीन-चार लागतच नाहीत. साध्या मोठ्या बर्नरवर एक निळी आठ-दहा दिवस तरी जाते आणि इंदूरात कमर्शियलची डिलिव्हरी मिळते, तर एक चालू आणि एक भरलेली हाताशी, बास. वरच्या मजल्याला मागं उघडी गॅलरी किंवा गच्ची असेल तर ती जागा बघा, उन्हाची सावली हवी, जमीन सपाट हवी, टंकी उभीच राहिली पाहिजे (आडवी केली की द्रव गॅस रेग्युलेटरकडे येतो, आणि द्रवाची वाफ अडीचशे पट होते). आसपास मोरीचं तोंड, नाली, विजेचा बोर्ड नको. जाळीचा दरवाजा करा, पत्र्याचं बंद कपाट नको. तिथून आत शेगडीपर्यंत पक्की पाइप एजन्सीच्या मेकॅनिककडूनच टाकून घ्या, लांब रबरी ट्यूब ओढून भिंतीच्या भोकातून आत घ्यायची नाही, ट्यूब दीड मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि मधे जोड तर अजिबात नाही. कमर्शियल बसवण्याचं स्टँडर्ड आयएस ६०४४ भाग १ आहे, मेकॅनिकला विचारा याप्रमाणे बसवताय ना, नुसतं विचारलं तरी माणूस जरा नीट काम करतो.

घरातली लाल ओट्याखाली असेल तर ओट्याच्या शटरला खालून जाळी किंवा मोठी भोकं हवीत. आजकाल मॉड्युलर किचनच्या हौशीत लोक टंकी कपाटात गच्च बंद करतात, मला बघवत नाही. शेगडी टंकीपेक्षा वरच्या पातळीला, म्हणजे ओट्यावरच, जमिनीवर शेजारी-शेजारी नाही.

ट्यूब आयएसआय मार्कची तारेची नारिंगी सुरक्षा ट्यूबच घ्या, दर ५ वर्षांनी बदला, दिसायला चांगली असली तरी बदला, आणि तिच्यावर कापड किंवा प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, चीर दिसत नाही. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० ग्रॅम दाबानं गॅस सोडतो आणि ती ट्यूब तेवढ्यासाठीच असते, बाजारात हाय प्रेशरचा रेग्युलेटर मिळतो तो आणून घरच्या ट्यूबवर भट्टी चालवायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

टंकी घेताना वरच्या कड्याखालच्या पट्ट्या बघा, आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. सी २७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत टेस्ट आहे. तारीख उलटलेली असेल तर घेऊ नका, परत करा, तो तुमचा हक्क आहे. रिकाम्या टंकीचं वजनही तिथंच लिहिलेलं असतं, डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायला हवा, तोलून घ्या. मग सील काढून वॉल्व्हच्या आत डोकवा, काळी बारीक ओ-रिंग दिसली पाहिजे, तुटलेली किंवा गायब असेल तर तिथल्या तिथं बदलायला लावा, सगळ्यात जास्त गळती मी तिथंच बघितलीय. रेग्युलेटर लावल्यावर वाटीत भांड्याच्या साबणाचं पाणी करून ब्रशनं रेग्युलेटरच्या गळ्याशी आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांना लावा आणि जरा थांबून बघा. फेस तसाच बसून राहिला तर ठीक, एकाच जागी बारीक फुगे येतच राहिले तर तिथून गळतंय. काडी ओढून बघणारे लोक आजही आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू.

वास आलाच तर शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर बंद करून काढा आणि दोरीची पांढरी सेफ्टी कॅप दाबून बसवा, ती कॅप फेकू नका, टंकीलाच लटकत राहू दे. दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा, एक्झॉस्ट काहीही लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, दोन्ही वेळेला ठिणगी पडते. सगळे बाहेर, मग बाहेर जाऊन १९०६ ला फोन, हा नंबर २४ तास चालतो.

कोठीत अजून काय ठेवलंय हे पण बघा बरं. पेंट, थिनर, रॉकेल, उरलेले दिवाळीचे फटाके, हे सगळं अशाच कोठीत जातं. झाबुआ जिल्ह्यात पेटलावदला १२ सप्टेंबर २०१५ ला जो स्फोट झाला तेव्हा आधी सगळीकडे हॉटेलातला सिलिंडर फुटला हीच बातमी होती, नंतर कळलं की शेजारी बेकायदा साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांनी एवढी माणसं नेली. शेजारी काय ठेवलंय ते बाजूच्या दुकानदारालाही माहीत नसतं, ताई.

डब्याला मदतीला मुलगा ठेवणार असाल आणि तो खोलीवर छोटी टंकी भरून आणत असेल तर त्यालाही सांगा. भंवरकुआंकडे शिकायला आलेली पोरं दुकानातून मोठ्या टंकीतून छोटीत गॅस भरून घेतात, हे बेकायदा तर आहेच पण त्या टंकीला ना टेस्ट ना धड वॉल्व्ह. ५ किलोची कंपनीची टंकी ओळखपत्र दाखवून रीतसर मिळते, तीच घ्यावी. तुमच्या गल्लीत अवंतिका गॅसची पाइपलाइन आली असेल तर पीएनजीचा पण विचार करा, तो हवेपेक्षा हलका असल्यानं वर जाऊन निघून जातो आणि टंकी साठवायचा प्रश्नच राहत नाही, फक्त शेगडीचे जेट त्यांच्याकडूनच बदलून घ्यावे लागतात.

शेवटचं काम, आणि हे या आठवड्यातच करा. तुमची घरगुती कनेक्शनं अजून देवासच्या पत्त्यावर असणार. तेल कंपन्यांचा पब्लिक लायबिलिटी विमा असतो, ग्राहकाला त्याचे पैसे भरावे लागत नाहीत, अपघातात मृत्यू झाला तर माणशी ६ लाख आणि घराच्या नुकसानीचे जास्तीत जास्त २ लाख, पण घराचं नुकसान धरतात ते नोंदलेल्या पत्त्यावरचं. रामबागेत काही झालं आणि कागदावर देवास असेल तर भांडत बसावं लागेल. देवासच्या एजन्सीकडून ट्रान्सफरचा कागद घ्या, आधार आणि भाडेकरार घेऊन इथल्या एजन्सीत जा, पासबुकावर नवा पत्ता चढवून घ्या आणि त्याच फेरीत कमर्शियलचा अर्ज भरून मेकॅनिकला जागा बघायला बोलवा. तो कोठी बघून चालेल म्हणाला तरी नाही म्हणा.