मावशींची पद्धत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घर तुझ्याकडे आलं आणि घराबरोबर कामाच्या मावशीही आल्या. तुझ्या जन्माच्या आधीपासून त्या घर सांभाळताहेत, त्यामुळे मालक कोण असा प्रश्न तुला पडणं साहजिक आहे. नवा मॉप दारामागे उभा आहे आणि त्या जुनं फडकं घेऊन फरशीवर बसतात. स्वयंपाकघरातले डबे तू लेबलं लावून ओळीत मांडलेस, संध्याकाळी ते परत आपापल्या जागी. वाचताना मला हसू आलं, रागावू नकोस.

आधी थोडे दिवस काही बदलू नकोस. नुसतं बघ. झटकणं-पुसणं त्या पंख्यापासून, वरच्या फळ्यांपासून सुरू करतात आणि फरशी शेवटी घेतात, कारण धूळ खाली बसते. रंगीत कपडे उलटे करून वाळत घालतात म्हणून उन्हाने विटतो तो आतला भाग. जड भांडी खाली, रोजची हाताशी. डब्यांचंही तेच असणार: तू नावांप्रमाणे लावलेस, त्या हाताच्या सवयीने लावतात. आणि ती बारीक अक्षरं त्यांना दिसतात का, हे विचारलंस का? डब्यांचा विषय माझ्या मते इथेच संपला. ते स्वयंपाकघर दिवसभर त्या वापरतात, तू नाही.

आता तुझा खरा प्रश्न: चांगलं सांगूनही त्या ऐकत का नाहीत. तू याला हट्ट म्हणतोस. मला वाटतं त्यात हट्ट थोडा आणि सावधपणा जास्त आहे. दुसऱ्याच्या घरात काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते. काही फुटलं, हरवलं, बिघडलं की सगळ्यांची नजर आधी आपल्याकडे वळते. अशा वेळी कामाची ठरलेली पद्धत हाच त्या माणसाचा साक्षीदार असतो. ‘रोज असंच करते, आजवर कधी बिघडलं नाही,’ एवढं म्हणता आलं की सुटका होते. नवं यंत्र हातात दिलंस की हा साक्षीदार जातो. ते बिघडलं तर भरपाई कोण देणार, पगारातून कापणार का, हे तू बोलला नाहीस. त्या विचारणारही नाहीत. न वापरणं सगळ्यात सुरक्षित, म्हणून त्या वापरत नाहीत.

तेव्हा शिकवण्याआधी सरळ सांग, ‘मावशी, हे बिघडलं तर माझं नुकसान, तुमच्याकडे बोट दाखवणार नाही.’ आणि बिघडेल तेव्हा शब्द पाळ. कपाळाला आठीसुद्धा नको. त्यांनी घरातल्यांचे बरेच उत्साह पाहिलेत. कुणीतरी नवा नियम आणतं, चार दिवस सगळ्यांच्या मागे लागतं आणि स्वतःच विसरतं. तुझाही उत्साह ओसरेपर्यंत त्या शांतपणे वाट बघत असतील तर मी त्यांना दोष देणार नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. तू सहज लिहिलंस की न्हाणीघर घासताना त्या ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र ओततात, ‘चांगलं निघतं’ म्हणून. हे आजच थांबव. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण मिसळलं तर क्लोरामाइन. दोन्ही वायू विषारी आहेत, डोळे आणि फुप्फुसं जाळतात, आणि बंद न्हाणीघरात जास्तच. वास आला तर काम तसंच टाकून आधी बाहेर यायचं, हे त्यांना सांग. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेव, आणि त्यातलं काहीही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू देऊ नकोस. इथे त्यांना वाईट वाटलं तरी चालेल. संगमरवरी ओट्यावर ॲसिड किंवा व्हिनेगर नको, हेही त्याच बैठकीत सांगून टाक. चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही. नॉनस्टिक तव्यावर त्या तारेची घासणी चालवतात म्हणून भांडू नकोस. तो तवा स्वतः धूत जा.

वॉशिंग मशिनमध्ये पावडर जास्त पडते, ही तक्रार योग्य आहे. त्यांच्या हिशेबाने फेस म्हणजे स्वच्छता. पुढून दार उघडणाऱ्या मशिनमध्ये कपडे एकमेकांवर आपटून, घासून निघतात. फेस फार झाला की ते आपटणंच मंदावतं आणि साबण कपड्यातच राहतो. व्याख्यान देऊ नकोस. त्यांनी धुतलेले कपडे पावडर न घालता पुन्हा नुसत्या पाण्यावर लाव आणि काचेतून निघणारा फेस त्यांना बघू दे. मग पावडरच्या डब्यात एक मापाचा चमचा टाकून ठेव.

मॉप कोपऱ्यात जात नाही असं त्या म्हणतात, ते खरंच आहे. पण गुडघ्यांचं विचार, एकटं असताना, संध्याकाळी. मधली फरशी मॉपने आणि कोपरे फडक्याने, एवढ्यावर बहुतेक जमेल.

आता तू न विचारलेलं. मावशींच्या जुन्या सवयींची तुझी यादी लांबलचक आहे, पण दोन सवयी तिच्यात नाहीत. त्या सुट्टी घेत नाहीत आणि पगारवाढ मागत नाहीत. या तुला खटकल्या नाहीत, कारण या सोयीच्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी करार केला, क्रमांक 189. त्यात आठवड्यातून सलग किमान 24 तास विश्रांती आहे, आणि कामाच्या अटी त्या माणसाला समजतील अशा रीतीने, शक्यतो लेखी, सांगाव्यात असंही आहे. ‘मला नको सुट्टी, घरी बसून काय करू’ असं त्या म्हणतील. तरी दिवस ठरव. त्या दिवशी आल्याच तर बसायला खुर्ची दे, काम नको. पगार शेवटचा कधी वाढला हे घरात कुणाला आठवत नसेल तर त्यांना विचार, त्यांना आठवत असेल. आणि हात थकल्यावर पुढे काय, तेव्हा दरमहा काही मिळणार का, हे त्या तोंडाने काढणार नाहीत. तो विषय तूच काढायचा.

हे बोलणं आधी कर, मॉपचं नंतर. उलट क्रमाने केलंस तर पगारवाढ मॉपची लाच वाटेल. जे ठरेल ते दोन प्रतींत लिही, त्यांना वाचून दाखव आणि एक प्रत त्यांच्याकडे दे.

तुझी,
आत्या